नलकूबराचं देणं

नेझा साडेतीन वर्षं आईच्या पोटात होता. जन्मला तेव्हा ते मूल नव्हतंच, खोलीभर गरगर फिरणारा मांसाचा गोळा होता. वडील ली जिंग हे चनथांग खिंडीचे सेनापती. घरात काहीतरी अभद्र शिरलं म्हणून त्यांनी तलवार उपसली आणि गोळ्यावर घाव घातला. गोळा उकलला आणि आतून एक मुलगा उडी मारून बाहेर आला. उजव्या मनगटात सोन्याचं कडं, पोटाभोवती लाल रेशमी वस्त्र. बापलेकाची पहिली भेट ही अशी झाली.

चीनमध्ये ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मिंग काळातल्या ‘फंगशन यानयी’ या शंभर प्रकरणांच्या कादंबरीत, बाराव्या ते चौदाव्या प्रकरणात, ती सगळ्यात सविस्तर येते. शांग घराणं बुडालं आणि झोऊ घराणं उदयाला आलं, त्या युद्धाची ही कादंबरी. देव, तपस्वी, राक्षस असे सगळेच त्या युद्धात उतरलेले. नेझा त्यातला बालयोद्धा.

सात वर्षांचा असताना तो उन्हाळ्यात नदीवर आंघोळीला जातो. अंगावरचं लाल वस्त्र पाण्यात बुचकळतो आणि तिकडे पूर्व समुद्राच्या नागराजाचा महाल हलायला लागतो. (चिनी लोक ज्याला ड्रॅगनांचा राजा म्हणतात, त्यालाच मी नागराज म्हणते आहे. बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा ‘नागराज’ या शब्दासाठी तिथल्या अनुवादकांनी तोच शब्द वापरला होता.) काय झालं ते बघायला नागराज एका यक्षाला पाठवतो. हा यक्षही आपल्याकडूनच तिकडे गेलेला. नेझा कडं फेकून यक्षाला मारतो. मग नागराजाचा तिसरा मुलगा आओ बिंग येतो, त्यालाही मारतो. आणि मेलेल्या ड्रॅगनच्या अंगातली शीर ओढून काढतो. कशासाठी? तर वडिलांच्या चिलखताला बांधायला तिचा छान पट्टा होईल म्हणून.

मला या गोष्टीत नेहमी इथे थांबावंसं वाटतं. पुढे जे काही होतं ते सगळं या पट्ट्यामुळे होतं, आणि तो पट्टा वडिलांसाठी असतो.

नागराज स्वर्गात तक्रार करायला निघतो, नेझा त्याला स्वर्गाच्या दारात गाठून बडवतो, त्याचे खवले उपटतो. शेवटी चारही समुद्रांचे चार नागराज येऊन आईवडिलांनाच धरतात. तेव्हा नेझा म्हणतो, गुन्हा माझा, आईबापाला हात लावू नका. हे शरीर त्यांचं आहे, त्यांचं त्यांना परत करतो. तो स्वतःचा हात तोडतो, पोट फाडतो, हाडं वेगळी करतो. मांस आईला, हाडं वडिलांना.

त्याचा आत्मा आईच्या स्वप्नात येतो. डोंगरावर माझं देऊळ बांध, तीन वर्षं लोकांनी उदबत्त्या लावल्या की मला पुन्हा शरीर मिळेल. आई नवऱ्यापासून लपवून देऊळ बांधते. देव नवसाला पावायला लागतो, गर्दी होते. सहाएक महिन्यांनी ली जिंग तिथून जाताना हे बघतात, मूर्ती फोडतात आणि देऊळ जाळून टाकतात. मग गुरू ताइयी कमळाची फुलं, देठ आणि पानं मांडून त्यातून नेझाला नवं शरीर देतात. या शरीरात आईबापाचं काही नाही. पायाखाली वारा आणि अग्नीची दोन चाकं, हातात ज्वाळेचा भाला. आणि या नव्या शरीराने तो पहिली गोष्ट काय करतो, तर वडिलांना ठार मारायला निघतो. हाडंमांस परत केलेलं आहे, आता आपलं देणंघेणं उरलेलं नाही, असा त्याचा साधा हिशेब.

बाप पुढे आणि मुलगा मागे, अशी ती धावाधाव बराच वेळ चालते. शेवटी एक तपस्वी ली जिंगच्या हातात सोन्याचा मनोरा देतो. मनोरा फेकला की मुलगा त्यात कोंडला जातो आणि आतून जळायला लागतो. ‘बाबा’ म्हण, नमस्कार कर, मग सोडतो. नेझा ‘बाबा’ म्हणतो. तेव्हापासून ली जिंगच्या प्रत्येक चित्रात आणि मूर्तीत त्यांच्या तळहातावर तो मनोरा असतो. मनोरावाले स्वर्गीय राजे, हेच त्यांचं नाव पडलं.

*

आता थोडं आपल्याकडे येऊ. आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणताना आपण कुबेराला नमस्कार करतो, आणि तिथे त्याचं दुसरं नाव घेतो, वैश्रवण. हा वैश्रवण बौद्ध धर्माबरोबर मध्य आशियात गेला. तिथे तो धनाचा देव कमी आणि उत्तर दिशेचा रक्षक, चिलखतधारी सेनापती जास्त झाला. वाळवंटातल्या खोतान राज्याचा तर तो कुळपुरुषच होता. एका हातात भाला आणि दुसऱ्या हातात स्तूप, अशी त्याची चित्रं मध्य आशियात आणि चीनमध्ये सापडतात. आठव्या शतकात अमोघवज्र या आचार्याने (७०५ ते ७७४) तांग दरबारात वैश्रवणाची उपासना रुजवली. त्या परंपरेतल्या ग्रंथांत वैश्रवणाबरोबर त्याचा एक उग्र मुलगा येतो, कुठे तो नातू असतो. त्याचं नाव नलकूबर. चिनी अक्षरांत हे नाव लांबलचक होत होतं. ते झिजत झिजत ‘नाझा’ आणि मग ‘नेझा’ झालं.

वैश्रवणाचंही पुढे चिनीकरण झालं. तांग काळात ली जिंग नावाचा एक खराखुरा सेनापती होऊन गेला होता (५७१ ते ६४९). लोकांनी त्यालाही देव केलं, आणि हळूहळू हे दोन देव एकमेकांत मिसळले. म्हणजे नेझाच्या गोष्टीतला भेदरलेला, चिडका बाप हा मुळात आपला कुबेर.

आणि नलकूबर? भागवताच्या दहाव्या स्कंधात तो आहे. नारदाच्या शापाने तो आणि त्याचा भाऊ मणिग्रीव अर्जुनाची झाडं होऊन गोकुळात उभे असतात. यशोदेने उखळाला बांधलेला कृष्ण रांगत दोघांच्या मधून जातो, उखळ अडकतं, झाडं उन्मळून पडतात आणि दोघे सुटतात. इस्रायली अभ्यासक मेइर शहार यांनी २०१५ साली नेझाच्या भारतीय मुळांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की नेझामध्ये नुसता नलकूबर नाही, बाळकृष्णही मिसळला आहे. पाण्यातल्या सर्पाशी झुंजणारा, न पेलणारं धनुष्य सहज उचलणारा खोडकर मुलगा आपल्या ओळखीचाच आहे.

पण हाडं आणि मांस परत करणं? ते आपल्याकडच्या नलकूबरात नाही आणि कृष्णातही नाही. ते चीनमध्ये घडलं, सुंग काळातल्या चान पंथाच्या ग्रंथांत ते दिसू लागतं. आईवडिलांकडून मिळालेलं शरीर, केस आणि कातडीसकट, इजा न करता सांभाळणं ही पितृभक्तीची पहिली पायरी, असं मानणाऱ्या समाजात ही गोष्ट तयार झाली. ज्या समाजात शरीर हे कर्ज असतं, तिथे शरीर परत करून कर्जातून सुटू बघणारा मुलगा कुणाला तरी सुचणारच. आणि तो सुटू नये म्हणून बापाच्या हातात मनोरा देणंही त्याच समाजाला सुचणार. वैश्रवणाच्या हातातला भक्तीचा स्तूप हाच पुढे मुलाला दाबात ठेवायचं हत्यार झाला. अकराव्या शतकातल्या सू झे या कवीने नेझावर एक कविता लिहिली आहे. तिच्यातला मुलगा बुद्धाला नमस्कार करतो, बापाला करत नाही, आणि मनोऱ्याची युक्ती त्यासाठीच निघालेली असते.

*

मी नेझाला पहिल्यांदा पाहिलं ते तैवानमध्ये. २०१४ ते २०१७ मी तैनान शहराजवळ भाजीपाल्याच्या विषाणूजन्य रोगांवर काम करत होते. तिथे तो ‘तिसरा राजपुत्र’ म्हणून ओळखला जातो. टॅक्सीत, समोरच्या काचेपाशी, आपल्याकडे गणपती असतो तिथे तो उभा. पायाखाली चाकं आहेत म्हणून ड्रायव्हर लोकांचा तो खास देव. त्याच्या वेदीवर मी लॉलीपॉप पाहिले, खेळण्यातल्या मोटारी पाहिल्या, दुधाची बाटलीही पाहिली. तो ज्यांच्या अंगात येतो ते चांगले बाप्ये माणसं असतात, पण अंगात आलं की तोंडात चोखणी धरतात आणि बोबडं बोलतात. अंगात येणं मला नवं नव्हतं. आमच्या गावच्या जत्रेत मी ते लहानपणापासून पाहिलं होतं. पण घुमणाऱ्या माणसाने चोखणी चोखताना पाहिली आणि हसावं की हात जोडावेत ते कळेना. शेजारच्या बायकांनी हात जोडले, मीही जोडले.

हा बोबडा देव तिथे सेनापती आहे, हे मात्र विसरायचं नाही. गावाच्या चार दिशांना चार आणि मध्यभागी एक, अशा पाच अदृश्य छावण्या असतात. भुताखेतांपासून गाव राखणाऱ्या या सैन्याच्या मधल्या छावणीचा प्रमुख तिसरा राजपुत्र. ठरावीक दिवशी गावकरी देवळापुढे टेबलं मांडून या सैनिकांना जेवण घालतात. २००९ साली काऊशुंगला जागतिक क्रीडास्पर्धा झाल्या तेव्हा उद्‌घाटनाला याच राजपुत्राचे मोठाले मुखवटे घातलेली पोरं दुचाक्यांवरून आली होती. टेक्नो गाण्यांवर नाचणारा नेझा आता तिथल्या कुठल्याही मिरवणुकीत दिसतो.

माझी घरमालकीण दर महिन्याला त्याच्यापुढचा एक लॉलीपॉप मला प्रसाद म्हणून द्यायची. तिच्याकडूनच मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली, अर्ध्या खुणांनी आणि अर्ध्या मोबाइलच्या भाषांतराने. ‘मांस आईला, हाडं वडिलांना’ हे मोबाइलने नीट सांगितलं. मी तिला विचारलं, मुलगी असती तर काय परत केलं असतं? मोबाइलला तो प्रश्न झेपला नाही, किंवा तिला. तिने अजून एक लॉलीपॉप दिला.

*

हा प्रश्न मला पडला त्याला कारण होतं.

आमचे अण्णा एसटीच्या आगारात लेखनिक होते. दिवसभर तिथले हिशेब लिहायचे आणि रात्री जेवण झालं की घरचे. लाल कापडी बांधणीची लांबट वही, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. भाजी, दळण, इस्त्री, देवाची फुलं, सगळं त्यात. महिन्याच्या शेवटी हे सगळं वेगवेगळ्या खात्यांवर चढायचं. किराणा खाते, औषध खाते, पाहुणे खाते. भावाच्या इंजिनिअरिंगची फी ‘शिक्षण खाते’ या पानावर असे.

एम.एस्सी.ला असताना शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मला फीच्या तारखा हव्या होत्या. मी शिक्षण खात्याचं पान काढलं. त्यावर माझं काही नव्हतं. मग शोधत गेले. माझी बारावीपासूनची फी, वसतिगृह, मेस, मायक्रोस्कोपची अनामत, सगळं एका वेगळ्या पानावर तारीखवार लिहिलेलं होतं. पानाच्या डोक्यावर होतं, ‘बेबी लग्न खाते’.

मी विचारलं. अण्णा म्हणाले, “कुठल्यातरी खात्यावर टाकायलाच लागतं. त्या खात्यात शिल्लक होती.”

त्यांच्या आवाजात काहीही वाकडं नव्हतं, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. मी लग्न केलं नाही. पुढे नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगाराचा चेक त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी देवापुढे ठेवला आणि बँकेत भरला नाही. तो तसाच बाद झाला. मुलीचं घ्यायचं नसतं. आईचे वडील, माझे आजोबा, भाऊ जन्माला येईपर्यंत आमच्या घरी पाणीसुद्धा प्यायले नव्हते, ही गोष्ट घरात कौतुकाने सांगितली जायची.

आपल्याकडे माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन जन्माला येतो म्हणतात. पितृऋण फिटतं ते संततीने, आणि परंपरेला संतती म्हणजे मुलगा अभिप्रेत असतो. परशुरामाने वडिलांच्या शब्दावर आईवर परशू चालवला तो मुलगा म्हणून. पुंडलिकाने आईबापाचे पाय चेपताना विठ्ठलाला विटेवर थांबवलं तेही मुलगा म्हणून. ‘तुझं काही देणं लागत नाही’ हे वाक्य मुलीला प्रेमानेच सांगितलं जातं. भावाला ते कधी कुणी म्हटलं नाही. त्याच्यावर ओझं होतं, ते मी पाहिलं आहे, आणि त्याने ते वाहिलंही आहे. पण ज्याच्याकडून काही येणं नाही, त्याच्या नावाचं पान खतावणीत नसतं. नेझाचं बंड मला त्यामुळे थोडं चैनीचं वाटायचं. परत करायला आधी तुमच्या नावावर काही लिहिलेलं असावं लागतं.

*

चीनमध्ये मुलीचीही एक गोष्ट आहे, आणि ती नेझाच्या गोष्टीच्या बरोबर उलटी आहे. राजकन्या म्यावशान लग्नाला नाही म्हणते. संतापलेला राजा ती राहत असलेला विहार जाळतो, तिला मारायची आज्ञा देतो. पुढे राजाला एक भयंकर व्याधी जडते. औषध एकच, ज्याच्या मनात कधी राग आला नाही अशा माणसाचे डोळे आणि हात. डोंगरावर एक तपस्वी स्त्री ते काढून देते. राजा बरा होतो, आभार मानायला जातो आणि बिनडोळ्यांच्या, बिनहातांच्या त्या स्त्रीत मुलीला ओळखतो. तीच ग्वानयिन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, जो चीनमध्ये जाऊन देवी झाला. ११०० साली हनान प्रांतातल्या एका मठात ही कथा शिळेवर कोरली गेली. तेव्हापासून ती घराघरात गेली.

ही नुसती कथा राहिली नाही. आजारी आईबापाला किंवा सासूसासऱ्यांना स्वतःच्या मांडीचं मांस कापून त्याचं कढण पाजायची प्रथा चीनमध्ये शतकानुशतकं होती. मुलगे करत, मुली करत, सुना करत. ज्या शरीराला इजा करायची नाही, तेच कापून द्यायचं. दरबाराने कधी अशा लोकांचा गौरव केला, तर कधी ही प्रथा चुकीची ठरवली.

मुलगा मांस परत करतो ते नातं तोडायला. मुलगी देते ते बाप वाचावा म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच संस्कृतीत शेजारी शेजारी नांदल्या. मुलीच्या गोष्टीत ती देते आणि बाप घेतो, एवढं तरी गृहीत आहे.

२०१८ मध्ये अण्णांची मूत्रपिंडं निकामी झाली. मी तोवर पुण्यात परत आले होते. कऱ्हाडला आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाबद्दल सांगितलं. आईचं वय आणि रक्तदाब, भावाला मधुमेह. माझा रक्तगट अण्णांचाच, बी पॉझिटिव्ह. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळच्या नातेवाइकांची व्याख्या आहे. तिच्यात मुलगा आहे तशीच मुलगीही आहे. कायद्याने माझं नाव लिहून ठेवलेलं पाहून मला बरं वाटलं होतं.

मी अण्णांना सांगितलं. ते हसले. “मुलीच्या घरचं पाणी पीत नाही मी, आणि किडनी घेऊ?”

मी म्हटलं, “मला घर आहे कुठे अण्णा? भाड्याचा फ्लॅट आहे.”

तेव्हा ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी निघताना म्हणाले, “तुझं अजून सगळं व्हायचंय.” मी छत्तीस वर्षांची होते. त्या खात्यात अजूनही शिल्लक धरलेली होती बहुतेक.

डॉक्टरांनी समजावलं, भावाने समजावलं, आईने दोन दिवस अबोला धरला. उपयोग झाला नाही. बापाने नाही म्हटलं की म्यावशानची गोष्ट तिथेच थांबते, हे मला त्या वेळी कळलं. डोंगरावर बसून डोळे काढून देता येतात, पण घेणारा हवा.

मग मी पैसे द्यायला लागले. गाडीभाडं, रक्त वाढायची इंजेक्शनं, तपासण्या. आईच्या हातात द्यायचे आणि तिने अण्णांना सांगायचं, ‘पेन्शनचा फरक आला.’ ज्या माणसाने आयुष्यभर आगाराचे हिशेब जुळवले, त्याला तीन वर्षं दर महिन्याला फरक येतो हे पटलं असेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. नेझाच्या आईने डोंगरावर लपून देऊळ बांधलं, तसा आमचा हा कारभार चालला होता.

२०२१ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. दिवस झाल्यावर भावाने वही काढली, कुणाचं काही देणं राहिलं असेल तर बघू म्हणून. वहीत एक नवीन पान होतं. डोक्यावर नुसतं ‘चि. बेबी’. खाली, जमा बाजूला, २०१८ पासून दर महिन्याची नोंद. तारीख, रक्कम आणि तपशिलात प्रत्येक ओळीला तेच शब्द, ‘बेबीकडून हातउसने’. एका महिन्यात मी बारा हजार दिल्याचं मला पक्कं आठवत होतं, वहीत साडेअकरा होते. आई म्हणाली, “पाचशे मी गॅसला काढले होते.” म्हणजे त्यांनी त्यांच्यापर्यंत पोचले तेवढेच लिहिले होते. शेवटची नोंद जायच्या दोन आठवडे आधीची, अक्षर पार वाकडं झालेलं. नावे बाजू कोरी, आणि खाली बेरीज मारलेली नव्हती.

त्यांनी माझं घेतलं होतं, पण परतफेड म्हणून नाही, उसने म्हणून. माझ्यावर त्यांचं कर्ज नव्हतंच, त्यांच्यावर माझं होतं. यात प्रेम किती आणि हट्ट किती हे मला वेगळं काढता आलेलं नाही. माझ्या नावाचं पान मात्र होतं.

भाऊ म्हणाला, “म्हणजे हे आता माझ्या डोक्यावर.” आम्ही दोघं हसलो. आई हसली नाही.

*

चीनमध्ये नेझाचा बाप गेल्या काही वर्षांत बदलत चालला आहे. १९७९ साली शांघायच्या स्टुडिओने नेझावर एक सुंदर ॲनिमेशनपट केला. त्यात मुलगा वादळात तलवारीने स्वतःचा जीव देतो, पण पुन्हा जन्मल्यावर बापाच्या मागे लागत नाही. त्याचं वैर नागराजांशी उरतं. २०१९ च्या चित्रपटात तर ली जिंग मुलाच्या बदल्यात स्वतःचा जीव द्यायला तयार असतात. त्याचा पुढचा भाग जानेवारी २०२५ मध्ये आला. त्याने जगभरात दोन अब्ज डॉलरहून जास्त कमाई केली आणि तो जगातला सर्वाधिक कमाईचा ॲनिमेशनपट ठरला. त्यातले आईबाप पाहून मी रडले, ते नाकारत नाही. पण त्या बापाला मनोऱ्याची गरजच नाही. इतका समजूतदार बाप असल्यावर नेझाने हाडं कुणाला परत करायची?

मला जुना ली जिंग जास्त ओळखीचा वाटतो. तो ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीतही आहे. ह्युएन त्संगला भारतात पोचवणाऱ्या वानराची ही कादंबरी. तिच्या त्र्याऐंशीव्या प्रकरणात एक उंदरीण ह्युएन त्संगला पळवते. वानर तिची गुहा शोधतो, ती रिकामी असते. पण कुठूनतरी उदबत्तीचा वास येतो. वासाच्या मागाने गेल्यावर एक देव्हारा सापडतो. त्यात दोन पाट्या, एक वडील ली राजांच्या नावाची आणि एक थोरला भाऊ नेझा याच्या नावाची. वानर त्या पाट्या उचलतो आणि पुरावा म्हणून थेट स्वर्गात जाऊन तक्रार गुदरतो, तुमच्या मुलीने आमचे गुरुजी पळवले.

ली जिंग भडकतात. मला तीन मुलगे आणि एकच मुलगी, तीही सात वर्षांची, हा खोटं बोलतो आहे. ते वानराला बांधून घालतात आणि तलवार उगारतात. नेझा मध्ये पडून स्वतःच्या तलवारीने तो वार अडवतो. ली जिंगचा चेहरा पांढरा पडतो. घरीच असल्यामुळे त्या दिवशी मनोरा त्यांच्या हातात नसतो, वेदीवर ठेवलेला असतो. आज मुलगा जुना हिशेब पुरा करणार असं वाटून ते मागे वळतात, मनोरा उचलतात, आणि मग विचारतात, माझी तलवार का अडवलीस?

नेझाला काही हिशेब करायचा नसतो. तो तलवार टाकून, वाकून आठवण करून देतो, की बाबा, तुम्हाला अजून एक मुलगी आहे. तीनशे वर्षांपूर्वी बुद्धापुढची फुलं आणि मेणबत्त्या चोरून खाल्ल्या म्हणून आपण दोघांनी एका उंदरिणीला पकडलं होतं. जीव घेतला नाही म्हणून तिने तुम्हाला वडील मानलं, मला भाऊ मानलं, आणि खाली जाऊन आपल्या नावाच्या पाट्या मांडून ती रोज उदबत्ती लावते आहे.

ली जिंग कबूल करतात की ते साफ विसरले होते. आणि तिचं नाव काय, असं मुलालाच विचारतात. नेझा एकदम तीन नावं सांगतो. ती त्याला सगळी पाठ असतात. त्यातलं एक ‘अर्धी ग्वानयिन’ असं आहे.